पेतॅयॅवेसी : मध्य फिनलंडमधले एक सरोवराकाठचे गाव

शुक्रवार

हेलसिंकीहून सुटलेल्या आगगाडीने ताम्पेरे मागे टाकले, की रुळांच्या दोन्ही बाजूंना जंगल आणि पाणी एवढेच उरते. फिनलंडमध्ये ५०० चौरस मीटरहून मोठी अशी १,८७,८८८ सरोवरे मोजलेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी देशाच्या मध्य आणि पूर्व भागात दाटीने पसरलेली आहेत. साडेतीन तासांच्या आसपास प्रवास झाल्यावर युवॅस्कुलॅ हे मध्य फिनलंडचे मुख्य शहर आले. आम्हाला तिथून आणखी पस्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, पेतॅयॅवेसी या गावी, तिथले अठराव्या शतकातले लाकडी चर्च पाहायला जायचे होते. माझी मावसबहीण गेली काही वर्षे नोकरीनिमित्त हेलसिंकीजवळ राहते आणि तिला फिनिश चांगली येते. तिची सोबत नसती, तर या प्रवासात मला जे कळले त्याच्या निम्मेही कळले नसते.

युवॅस्कुलॅला गाडी बदलावी लागते. पुढची गाडी म्हणजे डिझेलवर चालणारा एकच डबा. युवॅस्कुलॅ ते हापामॅकी हा लोहमार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, आणि १९७७ मध्ये यॅम्सॅमार्गे बोगद्यांचा नवा, जवळचा मार्ग पूर्ण होईपर्यंत दक्षिणेकडून युवॅस्कुलॅला येणाऱ्या गाड्या याच वाटेने येत असत. नवा मार्ग झाल्यावर जुन्यावरची वर्दळ ओसरली, पण मार्ग बंद पडला नाही. आजही दिवसातून मोजक्या फेऱ्या होतात, आणि त्यांतून शाळा-कॉलेजची मुले, सायकल घेऊन चढणारी म्हातारी माणसे आणि आमच्यासारखे एखाद-दुसरे प्रवासी जात-येत असतात. डब्यात पुढच्या बाजूला बसले, तर चालकाच्या काचेतून समोरचे एकेरी रूळ दिसतात, आणि ते रूळ पाइन व बर्चच्या झाडांमधून कधी अचानक पाण्याच्या अगदी काठावर येतात.

पेतॅयॅवेसीची लोकवस्ती साडेतीन हजारांच्या थोडी वर आहे आणि पालिकेचे क्षेत्र सुमारे ५०० चौरस किलोमीटर. इतक्या कमी माणसांची वेगळी पालिका असणे आपल्याला नवलाचे वाटते, परंतु फिनलंडमध्ये स्थानिक पालिकेला स्वतःचा आयकर गोळा करण्याचा अधिकार असतो, आणि शाळा, ग्रंथालय, पाणीपुरवठा, रस्ते अशा गोष्टी ती त्यातून चालवते. गाव म्हणून जे दिसते ते फार थोडे आहे : एक मुख्य रस्ता, दोन किराणा दुकाने, ग्रंथालय, शाळा, पेट्रोल पंप, आणि मग लगेच पुन्हा झाडी. बाकीची वस्ती शेतांच्या आणि सरोवरांच्या कडेने विखुरलेली आहे. मोटारींच्या शर्यतींची आवड असलेल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल, कारण १९५१ पासून युवॅस्कुलॅ परिसरात होत आलेल्या फिनलंड रॅलीचे टप्पे इथल्या मातीच्या रस्त्यांवरूनही गेलेले आहेत.

आम्ही सरोवराकाठच्या एका लाकडी घरात उतरलो. घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आल्या आल्या कॉफी आणि वेलदोड्याचा स्वाद असलेली पावाची गुंडाळी पुढे ठेवली. वेलदोडा भारतातून येतो हे मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातही तो असे, असे सांगितले. रात्रीचे साडेदहा उलटले तरी सूर्य पुरता मावळला नव्हता. इथे उत्तर ध्रुववृत्तासारखा मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, पण जुलैच्या सुरुवातीला काळोखही होत नाही. आभाळाच्या उत्तरेच्या कडेला उजेड रात्रभर टिकून राहतो आणि पहाटे चारच्या आत पुन्हा ऊन येते. जाड पडदे लावूनच झोपावे लागते.

शनिवार

ज्यासाठी इतक्या लांब आले ते जुने चर्च गावाच्या मध्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. यॅम्सॅनवेसी आणि पेतॅयॅवेसी ही सरोवरे जिथे एकमेकांना भेटतात तिथल्या एका लहानशा भूशिरावर ते उभे आहे. आजच्या रस्त्याने येणाऱ्याला ही जागा थोडी बाजूला पडल्यासारखी वाटते. अठराव्या शतकात मात्र इथे रस्तेच नव्हते आणि माणसांची ये-जा पाण्यावरून चाले; उन्हाळ्यात नावेने, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून घसरगाडीने. सगळ्या दिशांच्या वाड्यांना पाण्यावरून सारखेच सोयीचे पडेल असे ठिकाण म्हणून हे भूशिर निवडले गेले. चर्चकडे तोंड करून न पाहता पाण्याकडे पाहिले, की ही निवड किती विचाराने केलेली आहे ते लक्षात येते.

१७६३ ते १७६५ या दोन-तीन वर्षांत हे चर्च बांधले गेले. बांधणारा कारागीर होता याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन. तो शिकलेला वास्तुविशारद नव्हता; याच भागातला, शेतकरी समाजातून आलेला सुतार होता आणि त्याच्या हाताखाली गावची माणसे होती. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १७७६ मध्ये राजा तिसरा गुस्ताव्ह याने हुकूम काढला, की चर्चसारख्या सार्वजनिक इमारतींचे आराखडे स्टॉकहोममध्ये मंजूर करून घ्यावेत. त्यानंतर राजधानीतल्या आराखड्यांचा ठसा दूरदूरच्या खेड्यांतल्या चर्चवरही उमटू लागला. पेतॅयॅवेसीचे चर्च त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीचे आहे. लेप्पॅनेनने मोठ्या शहरांतल्या चर्चची रचना ऐकून, पाहून वा इतर कारागिरांकडून शिकून घेतली असेल, पण ती लाकडात कशी उतरवायची हे त्याने आपल्या अनुभवाने ठरवले.

आत शिरायचे ते घंटाघराच्या खालून. हे घंटाघर मूळ इमारतीबरोबरचे नाही. १८२१ मध्ये याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने ते बांधले आणि झाकलेल्या वाटेने चर्चला जोडले. आजोबांच्या कामाला नातवाने हात लावला, तरी जोड कुठे आहे ते चटकन जाणवत नाही. दोघांची कामे एकमेकांशेजारी पाहताना एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे कसब म्हणजे काय ते दिसते.

आत पाऊल टाकल्यावर आधी जाणवतो तो वास : जुन्या पाइनचा आणि त्यात मिसळलेला डांबराचा. हे डांबर खनिज नव्हे, पाइनचे लाकूड मंद आचेवर जाळून काढलेले. अठराव्या शतकात जहाजांच्या लाकडाला लावण्यासाठी याला युरोपभर मागणी होती आणि फिनलंडच्या निर्यातीतला तो मोठा माल होता. छपरावरच्या लाकडी फळकुट्यांना पाणी आणि बुरशी यांपासून वाचवायला तेच वापरले जाते.

चर्चची आखणी सारख्या लांबीच्या चार बाह्यांच्या क्रुसाची आहे. प्रत्येक बाहीवर अर्धगोल लाकडी छत आणि मधोमध, जिथे चारही बाह्या मिळतात तिथे, आठ बाजूंचा घुमट. दगडी कमानींची ही कल्पना इथे पूर्णपणे लाकडात साकारलेली आहे. युनेस्कोने १९९४ मध्ये या चर्चला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती नेमक्या याच कारणासाठी. मध्यवर्ती आखणीची प्रबोधनकाळातली कल्पना आणि त्याहून जुन्या गॉथिक कमानींच्या छताचे रूप यांचा मेळ उत्तरेकडच्या ओंडक्यांच्या बांधकामाशी इथे घातला गेला आहे. ही सगळी नावे आपल्यापुरती बाजूला ठेवली, तरी घुमटाखाली उभे राहून वर पाहताना चारही बाजूंचे वजन किती सहज वाहून नेले आहे, ते कुणालाही दिसते.

मी बराच वेळ भिंतीजवळच होते. भिंती कधीही रंगवलेल्या नाहीत. पाइनचे ओंडके एकावर एक रचलेले, कोपऱ्यात एकमेकांत खाच पाडून अडकवलेले, आणि आतल्या बाजूने कुऱ्हाडीने तासून सपाट केलेले. उजेड तिरपा पडला की तासणीचा एकेक घाव वेगळा दिसतो. कारागीर कोणत्या बाजूला उभा राहून काम करत होता याचा अंदाज घावांच्या दिशेवरून बांधता येतो. एका जागी ओंडक्यात गाठ आली आहे आणि तिथे घाव लहान, जवळजवळ झालेले आहेत. लाकूड अडले तिथे हात सावकाश चालला असावा. अडीचशेहून अधिक वर्षांत या भिंतींचा रंग मधासारख्या पिवळ्यावरून गडद तपकिरीकडे गेला आहे. छताच्या पट्ट्यांवर तांबड्या मातीच्या रंगाने काढलेली नक्षी तेवढी त्यात उठून दिसते. कोकणातल्या जुन्या देवळांत लाकडी सभामंडप पाहिलेल्यांना हा अनुभव थोडा ओळखीचा वाटेल. तिथेही खांबांवरची कोरीव कामे गावच्या सुतारांनीच केलेली असतात आणि त्यांची नावे बहुधा कुठेच लिहिलेली नसतात. इथे निदान मुख्य कारागिराचे नाव राहिले आहे.

प्रवचनपीठ हे या चर्चमधले सर्वांत जिवंत काम आहे. त्याच्या खाली सेंट ख्रिस्तोफरची लाकडी मूर्ती आहे आणि सगळे पीठ जणू त्याच्या खांद्यावर तोललेले आहे. येशूच्या बालरूपाला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा हा संत. मार्टिन लुथरला मानणाऱ्या लुथरपंथी ख्रिस्ती लोकांनी सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर संतांची पूजा बंद केली होती, तरी खेड्यातल्या मूर्तिकाराने पाणी ओलांडून देणाऱ्याला आपल्या चर्चमध्ये जागा दिली. पाण्यावरून चर्चला येणाऱ्या लोकांना ही मूर्ती जवळची वाटली असणार, असे मला तरी वाटते. पिठाच्या कडेने संत आणि देवदूत कोरलेले आहेत. त्यांचे डोळे मोठे, गाल फुगीर, हात शरीराच्या मानाने लहान आहेत. शास्त्रशुद्ध प्रमाणाची कसोटी लावली, तर हे काम उतरणार नाही, पण प्रत्येक चेहरा वेगळा आहे आणि कोरणाऱ्याने तो आनंदाने कोरलेला आहे.

चर्चमध्ये उष्णतेची कसलीही सोय नाही. जुलैतही भिंतीला हात लावला तर गारवा जाणवतो. शून्याखाली वीस अंश थंडीत लोक या अरुंद बाकांवर तास-दीड तास बसत असत, तेव्हा त्यांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे कोट असत आणि श्वासाची वाफ समोर दिसत असे, असे माहिती सांगणाऱ्या तरुणीने सांगितले. त्या काळच्या रीतीप्रमाणे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत.

रविवार

आज इथे उपासना होती. एरवी गावची मंडळी नव्या चर्चमध्ये जमतात. जुन्या चर्चमध्ये उपासना होते ती उन्हाळ्यातल्या रविवारी. बाके भरली नव्हती, पण रिकामीही नव्हती. बसलेल्यांत वयस्क जास्त. एका कुटुंबात तान्हे मूल होते आणि ते मध्येच रडले, तेव्हा कुणीही मागे वळून पाहिले नाही. लुथरपंथीयांत समूहाने स्तोत्रे म्हणण्याला मोठे महत्त्व आहे. सगळे बसूनच, सावकाश, पुस्तकात पाहून गातात. लाकडी छतामुळे आवाज घुमत नाही, तो जवळच राहतो, आणि शेजारच्या बाईंचा थोडा थरथरणारा आवाज मला शब्द न कळताही स्पष्ट ऐकू येत होता. मी त्यांच्या धर्माची नाही, तरी पाहुणी म्हणून शेवटपर्यंत बसले आणि कुणाला ते वावगे वाटले नाही.

उपासना संपल्यावर बाहेर कॉफी होती. तिथे मावसबहिणीने आणि मी एका निवृत्त गृहस्थांशी बोलताना चर्चच्या पुढच्या इतिहासाबद्दल विचारले. १८७९ मध्ये पाण्याच्या पलीकडे नवे, मोठे चर्च बांधले गेले आणि हे जुने वापरातून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिनलंडमधल्या पुष्कळ जुन्या लाकडी चर्चचे असेच झाले, आणि त्यांतल्या काहींची मोडतोड झाली, तर काहींना नव्या पद्धतीप्रमाणे फळ्या ठोकून, रंग देऊन, मोठ्या खिडक्या बसवून इतके बदलले गेले की मूळ काम ओळखू येईनासे झाले. पेतॅयॅवेसीकरांनी जुने चर्च पाडले नाही, आणि ते वापरात नसल्यामुळे त्यात सुधारणाही केल्या नाहीत. नव्या शेगड्या आल्या नाहीत, भिंतींना रंग लागला नाही, बाके बदलली गेली नाहीत. १९२० च्या दशकात योसेफ स्ट्रझिगोव्स्की या ऑस्ट्रियातल्या कलेतिहासकाराने या इमारतीचे मोल ओळखून तिच्याकडे लक्ष वेधले, तेव्हा ती जशीच्या तशी उभी होती. त्यानंतर दुरुस्तीचे काम सुरू झाले आणि तेव्हापासून शक्य तितके मूळ साहित्य आणि मूळ पद्धत वापरूनच ते चालत आले आहे.

हा भाग मला या सगळ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे जुन्या देवळाला संगमरवरी फरशी, तैलरंग आणि सिमेंटचा कळस ही भक्तीची आणि ऐपतीची खूण मानली जाते, आणि देणाऱ्यांचा भाव खराच असतो. पण त्यात जुना सुतार आणि जुना पाथरवट कायमचे पुसले जातात. पेतॅयॅवेसीत चाळीसएक वर्षे कुणी काही केले नाही म्हणून लेप्पॅनेनचे काम वाचले, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९२० नंतर पैसा आणि उत्साह दोन्ही आले, तेव्हाही कुणी ते नवेकोरे केले नाही. हा संयम लोकांनी जाणूनबुजून पाळला, आणि त्याची जबाबदारी आजही त्यांच्यावर आहे. फळकुट्यांचे छप्पर ठरावीक काळाने बदलावे लागते, डांबर पुन्हा लावावे लागते. लाकडाच्या इमारतीत आग ही सतत डोक्यावर असलेली चिंता आहे. मेणबत्ती कुठे आणि किती वेळ लावायची याचेही नियम आहेत.

दुपारी मालकीणबाईंची वल्ह्यांची नाव घेऊन आम्ही पाण्यावर गेलो. इथल्या बऱ्याच सरोवरांच्या पाण्याला तपकिरी झाक असते, ती दलदलीतून आणि जंगलाच्या जमिनीतून विरघळून येणाऱ्या द्रव्यांची. पाणी घाण नसते. ओंजळीत घेतले तर ते जवळजवळ निर्मळ दिसते. पूर्वी कित्येक घरांची मिळून एकच लांब नाव असे आणि रविवारी सगळे मिळून ती वल्हवत चर्चला जात. अशा लांब नावांच्या शर्यती आता फिनलंडमध्ये उन्हाळ्यात होतात आणि त्यांत चौदा जण वल्ही मारतात. आमच्या लहान नावेतून भूशिराकडे जाताना झाडांवर आधी घंटाघराचा माथा, मग उतरते छप्पर आणि शेवटी भिंती अशा क्रमाने चर्च दिसत गेले. बांधणाऱ्यांना ते कोणत्या बाजूने दिसावे असे वाटत होते ते पाण्यावरूनच उमगले.

संध्याकाळी सौना. सौनाची परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, पण इथल्या घरात तिचे काही विशेष कौतुक नव्हते. आंघोळ असावी तशी ती होती. लाकडाच्या भट्टीवर तापलेले दगड, त्यांवर लाकडी पळीने टाकलेले पाणी, अंगावर येणारी वाफ, मग सरोवरात डुबकी आणि परत आत. मालकीणबाई आमच्याबरोबर बसल्या होत्या आणि त्या वाफेत आपल्या लहानपणच्या, त्यांच्या वडिलांच्या लाकूडतोडीच्या दिवसांच्या गोष्टी सावकाश सांगत होत्या. मावसबहीण अर्थ सांगत होती आणि मध्येमध्ये म्हणत होती, "ताई, हे मला पण नवीनच आहे."

सोमवार

सकाळच्या त्याच एका डब्याच्या गाडीने पश्चिमेला केउरू इथे गेलो. केउरू हे पेतॅयॅवेसीपेक्षा बरेच मोठे आहे आणि तिथेही अठराव्या शतकातले एक लाकडी चर्च आहे, आन्ती हाकोला या कारागिराने १७५८ मध्ये बांधलेले. दोन्ही चर्च एका पाठोपाठ पाहावीत असे मी आग्रहाने सांगेन. पेतॅयॅवेसीत लाकूडच सर्वस्व आहे. केउरूच्या छतावर १७८५ मध्ये योहान तिलेन याने चित्रे रंगवली आणि आत गेल्याबरोबर नजर लाकडाऐवजी त्या चित्रांकडे जाते. इथेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवे चर्च झाले आणि जुने मागे राहिले. दोन शेजारच्या गावांनी थोड्या काळाच्या अंतराने एकाच प्रकारची इमारत उभारली, दोघांचे सुतार वेगळे, दोघांची समजूत वेगळी, आणि दोन्ही टिकली.

केउरूला लागून असलेले केउरुस्सेल्कॅ हे सरोवर दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेले आहे. शंभर कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी इथे उल्का आदळली होती. २००३ मध्ये हौशी अभ्यासकांना इथल्या खडकांत आघाताने तयार होणारे शंकूच्या आकाराचे तडे आढळले आणि तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. आपले लोणार पाहिलेल्यांना इथे गोल विवर दिसेल अशी अपेक्षा असते, पण इतक्या काळात हिमनद्यांनी आणि झिजेने ते कधीच सपाट करून टाकले आहे. खुणा आहेत त्या खडकाच्या आत.

दुपारी परत येऊन मालकीणबाईंबरोबर घरामागच्या जंगलात गेलो. फिनलंडमध्ये कुणाच्याही मालकीच्या जंगलातून कुणीही चालावे, रानफळे आणि अळिंबी गोळा करावीत, अशी रीत आहे आणि कायदाही तिला मान्यता देतो. फक्त घराच्या अंगणात शिरायचे नाही, पेरलेल्या शेतातून जायचे नाही, झाड तोडायचे नाही आणि परवानगीशिवाय शेकोटी पेटवायची नाही. ब्ल्यूबेरीची झुडपे गुडघ्याखाली असतात. फळे नुकती पिकू लागली होती. बोटे लगेच जांभळी झाली. त्याच वेळी डासांनी असे घेरले, की पूर्ण बाह्यांचे कपडे घालण्याचा मालकीणबाईंचा सल्ला किती मोलाचा होता ते कळले. रात्रीच्या जेवणात राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजलेली पेस्ट्री होती आणि तिच्यावर लोण्यात कालवलेले उकडलेले अंडे. उकडलेले नवे बटाटे, त्यांवर शेपू आणि लोणी, आणि शेवटी ब्ल्यूबेरी. मासे न खाणाऱ्यांचीही इथे उपासमार होत नाही.

मंगळवार

परतीच्या वाटेवर युवॅस्कुलॅजवळच्या सॅयनॅत्सालोला उतरलो. पॅइयॅन्ने या मोठ्या सरोवरातल्या बेटावरची ही वस्ती १९९३ पर्यंत स्वतंत्र पालिका होती आणि तेव्हा ती युवॅस्कुलॅत विलीन झाली. प्लायवूडच्या कारखान्याभोवती वाढलेल्या, सुमारे तीन हजार लोकांच्या या गावाने १९४९ मध्ये आपल्या पालिकागृहासाठी स्पर्धा घेतली, तीत आल्व्हार आल्तो या फिनिश वास्तुविशारदांचा आराखडा निवडला गेला आणि १९५२ मध्ये इमारत पूर्ण झाली. तांबड्या विटांची, चौकाभोवती रचलेली ही इमारत आहे. पाया खणताना निघालेली माती आतल्या चौकात भरून तो एक मजला उंच केला आहे आणि एका बाजूने गवताच्या पायऱ्या चढून त्यात जाता येते. पालिकेच्या कचेरीबरोबर ग्रंथालय, दुकाने आणि राहती घरेही तिच्यातच योजलेली होती. सभागृह १७ मीटर उंच आहे. एवढ्याशा गावाला इतकी उंची कशाला, असा प्रश्न तेव्हा सभासदांनी विचारला होता, आणि इटलीतल्या सिएनाच्या सभागृहाहून आपले थोडे उंच असावे असे उत्तर आल्तोंनी दिल्याचे सांगतात. विटांच्या भिंती, लहान उंच खिडक्यांतून येणारा बेताचा उजेड आणि वरच्या तुळयांचे पंख्यासारखे पसरलेले आधार पाहताना त्या सभासदांनी अखेर होकार दिला याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

सॅयनॅत्सालोची इमारत जगातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पेतॅयॅवेसीचे चर्च पाहायला त्यांतले थोडेच जातात. दोन्ही ठिकाणी छोट्या वस्तीने आपल्या एकत्र जमण्याच्या जागेसाठी जे चांगल्यात चांगले मिळेल ते निवडले. एका ठिकाणी तो गावचा सुतार होता, दुसऱ्या ठिकाणी देशातला सर्वांत नावाजलेला वास्तुविशारद. माझ्या मनात मात्र सुतारच जास्त राहिला आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी. जुने चर्च नियमितपणे उघडे असते ते उन्हाळ्यात, म्हणजे ढोबळमानाने जून ते ऑगस्ट. इतर वेळी आधी विचारून ठरवावे लागते. जूनच्या उत्तरार्धातल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला जवळजवळ सगळा देश आपापल्या सरोवराकाठच्या घरी जातो आणि दुकाने, वाहने यांचे वेळापत्रक बदलते, म्हणून ते दिवस टाळलेले बरे. युवॅस्कुलॅहून बसनेही पेतॅयॅवेसीला जाता येते आणि रेल्वेच्या फेऱ्या कमी असल्याने येताना-जाताना दोन्हींची वेळापत्रके जवळ ठेवावीत. उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. चर्चमध्ये आत गेल्यावर निदान तासभर हाताशी असू द्यावा, कारण डोळे अंधाराला सरावल्यावरच भिंतीवरचे कुऱ्हाडीचे घाव दिसू लागतात.